रामटेक, पाण्याच्या काठाकाठानं

नागपूरकरांचं रामटेक बहुतेक वेळा अर्ध्या दिवसात उरकतं. गाडी थेट गडावर न्यायची, दर्शन घ्यायचं, माकडांपासून प्रसाद वाचवायचा, खिंडसीला बोटीत बसायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी. यात गाव तेवढं पाहायचं राहतं. रामटेक समजून घ्यायचं असेल तर एकेक पाणवठा धरून चालावं: अंबाळा, गडावरच्या आणि पायथ्याच्या बावड्या, खिंडसी, आजूबाजूच्या खेड्यांतले मामा (माजी मालगुजारी) तलाव, पान पिकवणाऱ्या बरयांच्या विहिरी. कोणत्या समाजाचं पोट कोणत्या पाण्यावर चाललं आणि कोणाचे पितर कुठल्या घाटावर पोचवले गेले हे एकदा ऐकलं, की वरच्या देवळांचा इतिहासही जागच्या जागी बसतो. ही फेरी कार्तिकातली आहे, वैकुंठ चतुर्दशी आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासची. गाव याच दिवसांत सगळ्यात जास्त बोलतं.

त्रयोदशी : अंबाळा

जायचं कसं, ते थोडक्यात. नागपूरहून रामटेक साधारण ५० किलोमीटर. इतवारी स्टेशनवरून रामटेकची लोकल गाडी आहे. कामठीनंतर कन्हानला तिचा फाटा मुख्य मार्गापासून वेगळा होतो. गणेशपेठच्या बसस्थानकावरून एसटी मिळते. स्वतःच्या गाडीनं कामठी, कन्हान करत मनसरला उजवीकडे वळायचं. जत्रेच्या दिवसांत मात्र गाडी गावाबाहेर ठेवून पायी जाणंच सोयीचं, कारण आतले रस्ते अरुंद आहेत आणि गडाकडं जाणारी वाहनं दुपारनंतर अडवतात.

अंबाळा तलाव डोंगराच्या बाकात, पायथ्याशी आहे. चारी बाजूंनी दगडी घाट, घाटावर लहानमोठी देवळं. यातली बरीच भोसलेकालीन आहेत, वेगवेगळ्या घराण्यांनी आणि समाजांनी बांधलेली. खाली घडीव दगड, वर विटा आणि चुना, असं हे काम. चुन्याचा गिलावा जिथं निघाला तिथं फटीत पिंपळ रुजलाय. दरवर्षी कोणीतरी त्या फांद्या छाटतं आणि पुढच्या पावसाळ्यात पिंपळ पुन्हा तेवढाच होतो. वरून छाटल्यानं मूळ उलट जाड होतं आणि वीट आणखी सरकते. मूळ काढून ती फट सिमेंटऐवजी चुन्यानंच भरावी लागते. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि आजूबाजूची जुनी वीट फुगून झडते. घाटावर दोन-तीन ठिकाणी सिमेंटची डागडुजी आहे, तिच्या कडेनं विटांचा भुगा पडलेला स्वच्छ दिसतो.

अंबाळ्याची कथा गावात कोणालाही विचारा. अंबा नावाचा राजा शिकारीला आला, त्याला कोड होतं, या पाण्यात हातपाय धुतले आणि तो बरा झाला. सांगणारा बदलला की तपशील बदलतो, रोग आणि पाणी मात्र तेच राहतात. तलावाचं खरं महत्त्व याहून साधं आणि मोठं आहे. नागपूर-भंडाऱ्याकडच्या कितीतरी घरांची अस्थिविसर्जनं आणि पिंडदानं इथं होतात. प्रयागला किंवा नाशिकला जाणं परवडत नव्हतं त्या पिढ्यांसाठी अंबाळा हेच तीर्थ होतं. घाटावर बसलेल्या एका वृद्ध मावशी सांगत होत्या, “आमच्या घरचे सारे इथंच पोचवले जी. सासरा, सासू, मालक. मायंही इथंच होईन.” त्यांनी हे अगदी सहज सांगितलं आणि शेंगदाणे निवडायला लागल्या.

सकाळी घाटावर विधी चालू असतात. त्या वेळी फोटो काढू नयेत. देवळं पाहायची तर दुपारी तीननंतर या. पाण्याजवळच्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या असतात, चप्पल काढून अनवाणी उतरलं तर पाय टिकतो. निर्माल्य, राख, पिंडाचं अन्न सगळं याच साठलेल्या पाण्यात जातं, त्यामुळे उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तलाव हिरवा पडतो. निर्माल्यासाठी घाटावर वेगळी जागा असेल तर तीच वापरावी, नसेल तर परत न्यावं.

संध्याकाळी काठावर नवसाचे रोडगे चालले होते. रोडगा बाहेरगावच्या लोकांना नीट जमत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. गव्हाचं पीठ जाडसर दळलेलं लागतं. चाळलेल्या बारीक कणकेचा रोडगा आत चिकट राहतो. मीठ, थोडा ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायचं. एक लहान गोळा करायचा, त्याला तेल लावायचं, त्यावर कणकेची दुसरी पारी, परत तेल, वरून तिसरी. थर असल्यामुळे आतपर्यंत वाफ फिरते. गोवऱ्यांची आर लावायची आणि ज्वाळ पूर्ण बसून निखाऱ्यावर राखेची साय धरेपर्यंत थांबायचं. घाई इथंच नडते. ज्वाळेवर टाकलेला रोडगा वरून कोळसा होतो, आत कच्चा राहतो. निखाऱ्यात पुरून अधूनमधून फिरवत भाजला की फडक्यानं राख झटकायची, हातानं दाबून फोडायचा आणि तुपात बुडवायचा. सोबत तुरीचं घट्ट वरण आणि वांग्याची तिखट भाजी, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. जत्रेत तुम्ही अनोळखी असलात तरी पान मांडल्याशिवाय उठू देत नाहीत. जेवून झाल्यावर पैसे पुढं करू नका, वाईट वाटतं लोकांना. देवापुढं काय ठेवायचं ते ठेवा.

वैकुंठ चतुर्दशी : पायऱ्यांनी गडावर

वर जायला मोटाररस्ता आहे, तरी अंबाळ्याकडून पायऱ्यांनी चढावं. पहाटे सहाला निघालं तर ऊन लागत नाही आणि कार्तिकातलं धुकं तळ्यावरून हळूहळू सरकताना दिसतं. हातात पिशवी, खाण्याची पुडी, पाण्याची रंगीत बाटली काही नको. वानरं दिसणाऱ्या वस्तूवर झडप घालतात. पाठीवरच्या सॅकची चेन बंद असली की बहुतेक वेळा ती नाद सोडतात.

गडावर येणारे बहुतेक लोक सरळ राममंदिराकडं जातात, आणि रामटेकची सर्वांत जुनी बांधकामं त्यांच्या बाजूनं मागं पडतात. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन मंदिरं इ.स.च्या पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळची आहेत. म्हणजे नागपूर शहर वसायच्या हजाराहून जास्त वर्षं आधीची. तांबूस वालुकाश्म, बसकं छत, पुढं खांबांचा लहान मंडप, आत चौरस गाभारा, शिखर नाही. नरसिंहाची मूर्ती एकट्याची, बसलेली, हातात चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही. पोट फाडणारा नरसिंह पाहायची सवय असलेल्या डोळ्याला हा शांत, भरदार देव वेगळा वाटतो. गाभाऱ्यात अंधार असतो, टॉर्च न्या. प्रकाश समोरून मारू नका, बाजूनं तिरका धरा, म्हणजे छातीचा, आयाळीचा उठाव दिसतो.

केवल नरसिंहाच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भिंतीवरचे चुन्याचे जुने थर काढताना तो उघडा पडला. बरीच अक्षरं गेली आहेत, पण उरलेल्यातून अभ्यासकांनी जे वाचलं ते या गावासाठी मोलाचं आहे. राणी प्रभावतीगुप्ताच्या मुलीनं आईच्या पुण्यासाठी देऊळ उभारलं, आणि त्याच लेखात सुदर्शन नावाच्या जलाशयाचाही उल्लेख येतो. देऊळ आणि तळं यांची जोडी इथं दीड हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली आहे. अंबाळ्याच्या काठावर भोसल्यांच्या काळात जे घडलं त्याची रीत किती जुनी, ते या भिंतीपुढं उभं राहिल्यावर कळतं.

प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक रुद्रसेन दुसरा याची राणी. नवरा लवकर गेल्यावर लहान मुलांच्या वतीनं तिनं राज्य चालवलं. तिच्या ताम्रपटात वंशावळ सासरची येत नाही, माहेरच्या गुप्तांची येते. रिद्धपूरचा तिचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून दिलेला आहे, असं त्यातच लिहिलंय. रामगिरी म्हणजे हाच डोंगर. तेव्हा इथं पुजला जाणारा देव राम होता की विष्णूचं दुसरं रूप, यावर विद्वानांत वाद आहे. स्थान मात्र तेव्हाही तीर्थच होतं.

पुढं वराह दरवाज्यापाशी भव्य वराह आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत जायची प्रथा आहे, पापी अडकतो अशी समजूत. पोरं पाच-पाच वेळा निघतात. इथून आत सिंहपूर, भैरव आणि गोकुळ असे दरवाजे ओळीनं लागतात. भोसल्यांच्या काळात देवस्थान आणि किल्ला दोन्ही एकाच तटात आले. राममंदिराचा आजचा थाट पहिल्या रघुजींच्या काळापासूनचा, पण जागा जुनी: लक्ष्मणमंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळचा, तेराव्या शतकातला शिलालेख आहे. तिथं गर्दीत उभं राहून तो वाचणं होत नाही, तेवढ्यासाठी सणाचा दिवस सोडून यावं.

या डोंगराची आठवण सगळ्या समाजांची सारखी नाही, आणि ते लपवायचं कारण नाही. शंबूकाची कथा इथंच जोडली जाते. धूम्रेश्वराचं स्थान त्याच्याशी निगडित मानतात. रामभक्तांच्या सांगण्यात ती उद्धाराची गोष्ट होते, आंबेडकरी नागपुरात ती तप करणाऱ्या शूद्राच्या हत्येची गोष्ट आहे. महानुभावांसाठी रामटेक वेगळ्याच कारणानं जवळचं: हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेच्या निमित्तानं गुजरातेतून निघाले आणि पुढं चक्रधर स्वामी झाले. गडावरचं भोगराम हे वाकाटककालीन मंदिर त्या पंथाच्या श्रद्धेचं ठिकाण आहे. पायथ्याला शांतिनाथाचं दिगंबर जैन क्षेत्र आहे, तिथं वर्षभर यात्रेकरू येतात. गडाच्या वाटेवर जुनी मशीदही आहे. औरंगजेबाच्या एका दरबाऱ्याच्या स्मरणार्थ ती बांधली, असं सांगतात. एवढ्याशा डोंगरावर इतक्यांची ये-जा आहे, म्हणून इथल्या माणसाला “रामटेकचा इतिहास सांगा” असं विचारू नये. “तुमच्या घरचे लोक इथं कशासाठी येत?” असं विचारलं की तासभर ऐकायला मिळतं.

उतरताना कालिदास स्मारक. ‘मेघदूता’तल्या यक्षाचा रामगिरी तो हाच, हे संशोधक म. म. वा. वि. मिराशींनी आग्रहानं मांडलं. छत्तीसगडातल्या रामगढचाही दावा आहे. आषाढातले ढग या कड्यावर कसे टेकतात ते ज्यानं पाहिलं, तो नागपूरकर मिराशींच्याच बाजूनं बोलतो. संस्कृत विद्यापीठ रामटेकला १९९७ साली आलं ते याच नात्यानं.

दुपार कापूर बावडीसाठी राखून ठेवावी. तीन बाजूंनी खांबांच्या ओवऱ्या, मधे पाणी, लागून देवीचं जुनं देऊळ. वर्दळ नाही. गडावर सिंदूर बावडीही आहे. दोन्हीकडं काठाला कठडा नाही, मुलं सोबत असतील तर हात सोडू नका. बावडीची खोली पावसाळ्यानंतर कळत नाही, कारण पाणी वरच्या पायऱ्यांवर येतं. बांधकाम पाहायचं असेल तर एप्रिल-मे बरा, पाणी पाहायचं असेल तर कार्तिक.

रात्री वैकुंठ चतुर्दशीची शोभायात्रा गावातून निघते. ट्रॉल्यांवर पौराणिक झाक्या, दिंड्या, भजनी मंडळं, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसंच माणसं. ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला गेली त्यांची घरं या एका रात्री भरतात. जेवण आधीच उरकून ठेवा, नंतर कुठंच बसायला जागा मिळत नाही. राहायचं असेल तर धर्मशाळा किंवा खोली बरीच आधी सांगून ठेवावी लागते, नाहीतर नागपूरहून ये-जा करावी.

त्रिपुरी पौर्णिमा : खिंडसी आणि मामा तलाव

खिंडसी रामटेकपासून पाच-सहा किलोमीटर. सूर नदीवरचं हे धरण इंग्रजांच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत झालं. नौकाविहार सगळ्यांना माहीत आहे. सुटीच्या दिवशी तिकडं न जाता सकाळी सातच्या आत पाळीवर, म्हणजे बांधावर यावं. थंडीत बाहेरची बदकं उतरतात, दुर्बीण असली तर तासभर कसा जातो कळत नाही. मासे आणायचे तर हीच वेळ. ढिवरांच्या डोंग्या रात्री टाकलेली जाळी काढून परततात आणि काठावरच तराजू लागतो. रोहू, कतला भरपूर. मरळ आला तर लगेच जातो, त्याला भाव वेगळा. झिंगे सुकवलेलेही मिळतात. ते घेताना मूठभर हातात चोळून पाहा. कडकडीत वाळलेले असतील तर मोडतात, वाकले तर ओल आहे आणि आठवड्यात वास धरतील.

धरणाच्या कालव्यानं इथली धानशेती बदलली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून या पट्ट्यातल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मालगुजारी (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या काळच्या) तलावांवर पिकत होत्या. पूर्व विदर्भाला हे तलाव ‘मामा तलाव’ म्हणून ठाऊक आहेत. भंडारा-गोंदियाकडं कोहळी समाजाचं यातलं कसब मोठं. रामटेक तालुक्यातही खेडोपाडी हे तलाव आहेत आणि एक तरी पायी फिरून पाहावा. आधी येवा पाहायचा, म्हणजे पावसाचं पाणी कोणत्या उतारावरून तलावात येतं ते. मग पाळ, ही मातीचीच. आतल्या बाजूनं दगड लावलेले. एका कडेला सलंग, जास्तीचं पाणी सुरक्षित बाहेर काढणारी. आणि पाळीच्या पोटातलं तुडूम, शेताला पाणी सोडायची वाट. जुन्या पद्धतीच्या तुडुमात एकावर एक भोकं असतात, प्रत्येकाला लाकडी बूच. वरचं बूच आधी काढायचं, पातळी उतरेल तसं खालचं. यामुळे नहरात पाणी बेताच्या जोरानं जातं आणि तळाचा गाळ उपसून येत नाही.

पाळीवर आमच्यासोबत चाललेले ढिवर समाजातले एक काका बोट दाखवत सांगत होते, “तुमाले तलाव दिसते. आमाले गाळ दिसते. मायाच बापानं इथं दोन पुरुस पानी पाह्यलं.” त्यांचं म्हणणं मोजून पाहायची गरज नव्हती, मधोमध बेशरमाची बेटं उभी होती, आणि बेशरम मुळं धरतं ते उथळातच. असं का झालं, याचं उत्तर १९५० च्या कायद्याशी जाऊन पोचतं. त्या वेळच्या मध्य प्रदेशात मालगुजारी रद्द झाली. शोषणाची ती व्यवस्था गेली हे योग्यच झालं. पण तलाव सरकारकडं गेले, आणि उन्हाळ्यात गाळ काढायला, पाळीवर माती चढवायला गावानं मिळून उतरायची जी रीत होती तिचा धनी कोणी राहिला नाही. पाटबंधारे एका खात्याकडं, मासेमारीचा ठेका दुसरीकडून, तलावाच्या पोटातली जमीन तिसऱ्याच्या नोंदीत. शेतकऱ्याला धानासाठी पाणी सोडायचं असतं, ढिवराला माशासाठी तळाशी ठेवायचं असतं, आणि दोघांना एकत्र बसवणारं कोणी नाही. गाळ काढायचा तर सगळा तळ खरवडूही नये. तळाचा चिकण थर फुटला की तलाव पाणी धरत नाही, मुरवतो. वरचा काळा गाळ तेवढा काढून शेतात टाकावा, आणि मधे दोन-चार खोल डोह ठेवावेत म्हणजे उन्हाळ्यात बीज-मासळी जगते.

कार्तिक म्हणजे शिंगाड्याचा भर. तलावाच्या एका कोपऱ्यात पाण्यावर हिरवी नक्षी पसरलेली असते, तो शिंगाड्याचा वेल. उन्हाळ्याच्या सुरुवातीला लहान डबक्यात रोपं तयार करतात आणि पाऊस लागल्यावर तलावात नेतात. लावणी हातानं होत नाही, पायानं होते: कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून वेलाचं टोक अंगठ्याखाली धरायचं आणि चिखलात दाबायचं. खोल गेलं तर कुजतं, वर राहिलं तर लाटेनं सुटतं. पानांच्या देठाला फुगवटे असतात, त्यांवर झुबका तरंगतो. तोडणाऱ्या बाया-माणसं पालथ्या मडक्यांच्या किंवा ट्यूबच्या तराफ्यावर बसून हातानं वल्हवत जातात, झुबका उलटा करून खालची फळं तोडतात आणि तो पुन्हा जसाच्या तसा ठेवतात. झुबका उलटा राहिला तर दोन दिवसांत सडतो. आठ-दहा दिवसांनी त्याच वेलावर परत फेरी. उशीर झाला तर पिकलेलं फळ गळून तळाला जातं आणि हाती लागत नाही. पानं खाणारा शिंगाडा-भुंगा आणि पोहून आलेल्या म्हशी, पीक जातं ते या दोघांमुळं.

विकत घेताना दोन शिंगांचा, टणक, बोटानं न दबणारा घ्यावा. तोडल्याच्या दिवशी कच्चा सर्वांत गोड लागतो. उकडायचा तर टोकाला सुरीचा एक छेद द्या, मीठ घाला, साल नीट सुटते. लोखंडी कढईत उकडलेले काळे पडतात, चव बिघडत नाही. उरलेले सोलून, दोन फाका करून कडक उन्हात वाळवले की उपासाचं पीठ घरीच होतं.

रात्री पुन्हा गड. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री मंदिरावर त्रिपूर जाळतात. त्यात देवाच्या अंगावरचं जुनं पीतांबर जळतं. लोक ते पाहायला संध्याकाळपासून जागा धरून बसतात. ज्यांना चढणं जमत नाही ते खालच्या शेतातून, गच्चीवरून, अंबाळ्याच्या घाटावरून पाहतात, आणि खरं सांगायचं तर लहान मुलं-म्हातारी माणसं सोबत असतील तर खालूनच पाहावं. वर परतीच्या वेळी दरवाज्यांत दाटी होते. स्वेटर लागतो, अंधारात पायऱ्यांसाठी टॉर्च लागतो.

प्रतिपदा : पानमळा, नगरधन, मनसर

रामटेकच्या पानाचं नाव नागपूरच्या पानठेल्यांवर पिढ्यान् पिढ्या होतं. कपुरी पान, पातळ, वासाचं. ते पिकवणारा समाज बरई. पानमळ्यात जायचं तर मालकाला विचारून, आणि जोडे बाहेर काढून. नागवेलीला ते देवता मानतात, नागपंचमीला तिची पूजा होते. आत पाऊल टाकलं की हवा एकदम बदलते. चहूबाजूंनी ताट्यांचं कुंपण, वर शेवरी, पांगारा, शेवगा यांची सावली, आणि ओळीनं त्याच झाडांवर बांधलेले वेल. वारा नाही, ऊन गाळून येतं, जमीन ओलसर.

एक आजी पानं खुडत होत्या. अंगठ्यात पोलादी नखी, देठाला एक टिचकी, पान डाव्या हातावर. वेलाचं पान खालून वर खुडत जातात, शेंड्याची कोवळी ठेवतात. वर्षातून एकदा वेल उतरवावा लागतो: आधारावरून सोडवायचा, खालचा उघडा झालेला भाग वेटोळं करून मातीत गाडायचा, शेंडा परत बांधायचा. गाडलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात आणि मळा जुना होऊनही तरणा राहतो. पाणी थोडं आणि वारंवार. पूर्वी विहिरीवरून मोटेनं, आता मोटारीनं. एकदा पाणी साचलं की संपलं. मुळाशी बुरशी धरते, वेल वरून हिरवा दिसतो आणि आठवड्यात मान टाकतो. मर लागलेला वेल मातीसकट काढून बाहेर जाळतात. शेजारच्या ओळीत त्याच खुरप्यानं काम केलं तर तीही जाते. आजी म्हणाल्या, “पोरगा म्हनते, ठिबक लावू. लाव म्हनलं. पन सकाळी वेलाजवळ येऊन उभं राह्यलं पाह्यजे. पान मान्साले ओळखते.”

मळे कमी होत चाललेत. मर हे एक कारण. दुसरं म्हणजे खर्रा. सुपारी-तंबाखू घासून प्लॅस्टिकच्या पन्नीत दिला जाणारा खर्रा विदर्भभर पसरला, त्याला पान लागतच नाही. पानठेला नावापुरता राहिला, पान त्यातून गेलं. पानं न्यायची असतील तर ओल्या सुती फडक्यात, वर केळीचं पान गुंडाळून, दिवसाआड उलटी करत ठेवा; फ्रीजमध्ये काळी पडतात.

नगरधन रामटेकहून सहा-सात किलोमीटर. वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी इथलीच. प्रभावतीगुप्ताचा पुण्यात सापडलेला ताम्रपट नंदिवर्धनहूनच दिलेला आहे. आज उभा असलेला कोट मात्र बराच नंतरचा, गोंड-भोसले काळातला. आत बावडी आहे आणि तिच्यात खाली उतरून जमिनीच्या पोटातलं देवीचं ठाणं. गावातल्या बाया तिथं ओटी भरायला येतात. पायऱ्या उंच आहेत, उतरताना भिंत धरावी. २०१५ ते २०१८ दरम्यान डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं इथं उत्खनन केलं, त्यात प्रभावतीगुप्ताच्या नावाचा मातीचा ठसा निघाला, शंखाचं चिन्ह असलेला. नगरधनच्या शेतात नांगराला खापरं, विटांचे तुकडे अजून लागतात. कोणी विकायला दाखवलं तर घेऊ नका. जमिनीतून सुटलेला तुकडा मुका होतो, तो कुठं आणि कोणत्या थरात होता हेच त्याचं खरं मोल.

परतीच्या वाटेवर मनसर. तळ्याकाठी हिडिंबा टेकडी, पांढरीचा, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा मोठा उंचवटा. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकारानं जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांनी इथं उत्खनन केलं. विटांचं भव्य बांधकाम वर आलं. प्रवरसेन दुसरा याचं प्रवरपूर आणि त्याचं प्रवरेश्वर मंदिर ते हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बौद्ध परंपरा या टेकडीचं नातं नागार्जुनाशी जोडते. विटा जवळून पाहा: आजच्या भट्टीच्या विटेपेक्षा बऱ्याच मोठ्या आणि चपट्या, आणि काहींत भाताच्या तुसाच्या खुणा. धानाच्या मुलखात विटेत तूसच पडणार. बांधकामावर चढू नये, कडा सुटतात. इथली प्रसिद्ध शिवमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

याच मनसरला १८९९-१९००च्या सुमारास नागपूर जिल्ह्यातली मँगनीजची खोदाई सुरू झाली. टेकडीवरून काळ्या मातीचे ढिगारे दिसतात, आणि मनसर-कांद्रीच्या खाणकामगार वस्त्यांत त्या कामाच्या तीन-चार पिढ्यांच्या आठवणी आहेत. त्यासाठी मात्र वेगळा दिवस काढावा, आणि पाळी सुटायच्या वेळी जावं. चहाच्या टपरीवर माणसं तेव्हाच निवांत असतात. मनसर फाट्यावर नागपूरच्या एसट्या संध्याकाळपर्यंत मिळतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्या रामटेकहूनच भरून येतात, म्हणून शक्य असेल तर आधी मनसर पाहून मुक्काम रामटेकला हलवावा आणि बस तिथूनच पकडावी.